हुंकार देणारा रोबो

आमच्याकडं गोष्ट सांगायला दोघं लागतात. एक सांगणारं, दुसरं 'हूं' म्हणणारं. 'हूं' थांबला की म्हातारी थांबते, "निजलास का रं?" विचारते आणि उत्तर आलं नाही तर राजपुत्राला विहिरीत तसाच ठेवून कूस बदलते. मराठवाड्यातल्या खेड्यात वाढलेल्या माणसाला हे नव्यानं सांगायला नको. पण रोबो आणि हुंकार यांची सांगड बसायला आम्हाला जरा वळसा घ्यावा लागला. तो वळसाच आधी सांगतो.

मी लातूरला एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट ठरलेले असतात. काळ्या पट्टीवरून धावणारी गाडी, आपोआप झाकण उघडणारी कचरापेटी, फोनवरून लागणारा बल्ब. फायलीवरची नावं बदलतात, सर्किट तेच राहतं. त्यामुळं "सर, माणसाशी वागणारा रोबो करू का?" असं पोरांनी विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. अट एकच घातली. लातूर, पुणे किंवा हैदराबादच्या दुकानात जाऊन जो भाग हातात घेता येत नाही, तो वापरायचा नाही.

अटीला कारण होतं. अमेरिकेत 'जिबो' नावाचा घरगुती रोबो निघाला होता. २०१४ मध्ये लोकांकडून आगाऊ पैसे गोळा झाले, २०१७ मध्ये तो घरोघर पोहोचला, किंमत ८९९ डॉलर. त्याची बरीचशी अक्कल कंपनीच्या सर्व्हरवर होती. कंपनीचा धंदा बसला आणि २०१९ मध्ये या रोबोनं स्वतःच मालकांना सांगितलं की आता सर्व्हर बंद होणार, माझ्याशी फारसं बोलता येणार नाही. लेकरांनी जीव लावलेली वस्तू अशी निरोप घेऊन बसते, हे मला काही पटलं नाही. जपानच्या ताकानोरी शिबातांचा 'पारो' आहे. सीलच्या पिलासारखा दिसतो, वजन २.७ किलो, अंगभर केस. कुरवाळलं की मान वळवतो. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी तो खरोखर वापरतात. पण त्याची किंमत हजारो डॉलरमध्ये. याउलट बेल्जियममधल्या गेन्ट विद्यापीठातला 'ओनो'. लेझरनं कापलेल्या पट्ट्या, फोमची कातडी आणि खेळण्यातल्या विमानांना लावतात त्या साध्या सर्वो मोटारी, म्हणजे सांगितलेल्या कोनात वळून थांबणाऱ्या. त्याचा आराखडा सगळ्यांना खुला आहे. तो बघून पोरांना धीर आला. हे तर आपल्याला जमण्यातलं आहे!

पोरांना अर्थातच बोलणारा रोबो हवा होता. पहिल्यांदा त्यांनी माइक लावला, आवाज इंटरनेटवरून एका सेवेकडं पाठवला, आलेला मजकूर दुसरीकडं पाठवून उत्तर मागवलं आणि ते यंत्राच्या आवाजात वाजवलं. पुण्याच्या बातम्या वाचून दाखवल्या तर ठीक चालायचं. मग आमच्या विभागातल्या मावशींना पुढं बसवलं. त्या म्हणाल्या, "लेकरू कवाचं रडायलंय, बघ की जरा." पडद्यावर 'कवच रडार' असं काहीतरी उमटलं. करायलंय, गेलतं, कुटं, मंग ही आमची रोजची बोली, आणि यंत्राला ती परकी. पण खरी अडचण त्याहून वेगळी होती. मावशींचं बोलणं संपल्यापासून रोबो तोंड उघडेपर्यंत तीन-चार सेकंद जायचे. तेवढ्यात मावशी उठून चहाचे कप गोळा करायला लागायच्या. माणसांच्या गप्पांमध्ये एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला किती वेळ लागतो, हे टान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी १० भाषांमध्ये मोजलं आहे. २००९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. तो वेळ साधारण २०० मिलिसेकंदांच्या आसपास भरतो. म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. एवढ्यात आवाज लातूरहून कुठं तरी लांब जाऊन परत येणार, हे होण्यातलं नव्हतं. आणि गावात रेंज असली तर!

तेव्हा मला गावाकडची मोठी आई आठवली. औसा तालुक्यात आमचं गाव. चुलत्यांच्या माघारी ती एकटीच माळवदाच्या घरात राहते. मुलगा पुण्याला, सून-नातवंडं तिकडंच. मी गेलो की तिला उत्तर नको असतं, सल्ला तर मुळीच नको असतो. तिला 'हूं' हवा असतो. मी पोरांना म्हटलं, बोलणं सोडा. ऐकणारा करू.

पोरांचे चेहरे पडले. "सर, नुसतं 'हूं' म्हणणाऱ्याला कोण मार्क देणार?"

मार्क मिळण्यासारखं त्यात बरंच होतं, ते हळूहळू कळलं. हुंकार कुठंही देऊन चालत नाही. माणूस वाक्याच्या मधे असताना 'हूं' म्हटलं तर तो अडखळतो. उशिरा म्हटलं तर त्याला वाटतं, याचं लक्ष नाही. नायजेल वॉर्ड आणि वातारू त्सुकाहारा यांनी २००० मध्ये इंग्रजी आणि जपानी संभाषणांवरून यासाठी एक नियम मांडला होता, आणि तो इतका साधा आहे की मी फळ्यावर लिहून दाखवला. इंग्रजीसाठी तो असा: बोलणाऱ्याचा सूर त्याच्या नेहमीच्या पट्टीच्या तळाशी उतरला, किमान ११० मिलिसेकंद तिथंच राहिला, त्याआधी तो किमान ७०० मिलिसेकंद बोललेला असला आणि मागच्या ८०० मिलिसेकंदांत आपण हुंकार दिलेला नसला, तर ७०० मिलिसेकंद थांबून हुंकार द्यायचा. बस्स. बोलण्यातला एक शब्दसुद्धा समजायची गरज नाही. बोली कुठली, हाही प्रश्न मिटला.

सूर ओळखायला 'यिन' नावाची पद्धत आहे. तिचा तयार प्रोग्रॅम फुकट मिळतो आणि रास्पबेरी पाय ४ या हातात मावणाऱ्या कॉम्प्युटरवर आरामात चालतो. 'नेहमीची पट्टी' मात्र प्रत्येकाची वेगळी असते. म्हणून समोरचं माणूस बोलायला लागलं की पहिला मिनिटभर रोबो नुसताच ऐकतो, सूर कुठून कुठपर्यंत जातो ते बघतो आणि मग हुंकार द्यायला लागतो. म्हाताऱ्या माणसांचा आवाज घोगरा असतो, त्यात सूर सापडतच नाही असे तुकडे येतात. तिथं आवाजाचा जोर किती उतरला, एवढ्यावरच भागवलं.

वॉर्ड यांच्या नियमात नसलेली एक गोष्ट आमच्या म्हाताऱ्यांकडं सापडली. "मंग तो चालत चालत गेलाऽऽऽ" असं म्हणताना शेवटचा स्वर लांबतो, सूर पडत नाही, सरळ राहतो आणि मग तुटतो. गोष्ट अजून पुढं आहे, पण इथं हुंकार हवाच असतो. पोरांनी त्यासाठी वेगळी ओळ घातली: सूर बराच वेळ सपाट राहिला आणि जोर एकदम गेला, तर आवाज न करता फक्त मान हलवायची. मला विचाराल तर सगळ्या प्रोजेक्टात अस्सल अशी हीच एक ओळ आहे. बाकी सगळं जगात कुठं ना कुठं झालेलं आहे.

आता सामानाचं. इंजिनिअरिंगची पोरं जिथं आहेत तिथं सर्वो, सेन्सर विकणारं एखादं दुकान असतंच, तसं लातूरलाही आहे. पण तिथं एका वेळी एखादीच मोटार शिल्लक असते आणि भाव दुकानदाराच्या मनावर असतो. हैदराबादच्या कोठी भागातली गुजराती गल्ली त्या मानानं सोन्याची खाण. लातूर-नांदेडच्या माणसाला पुण्यापेक्षा हैदराबाद सोयीचं पडतं, त्यात तिथं घासाघीस करता येते. सर्वो, ॲम्प्लिफायर, तारा तिथून आणल्या. कॅमेऱ्यासाठी पैसे घालायची गरजच पडली नाही. कोरोनात ऑनलाइन तासांसाठी घेतलेले वेबकॅम विभागाच्या कपाटात धूळ खात पडले होते. त्यांना माइकही असतो.

सांगाडा कापायला लेझर मशीन कुठं मिळणार, याचा पोरांना मोठा घोर. मी त्यांना ट्रॉफी आणि मोमेंटो बनवणाऱ्याकडं पाठवलं. शिक्षक दिन आणि सत्कार समारंभांच्या कृपेनं मराठवाड्यातल्या प्रत्येक जिल्ह्याच्या गावी लेझर मशीन पोहोचलेलं आहे, फक्त आपल्या लक्षात येत नाही. त्यानं ३ मिलिमीटरच्या एमडीएफमध्ये, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळीत, खाचेत खाच बसणाऱ्या पट्ट्या कापून दिल्या. एका पट्टीवर त्यानं सवयीनं कमळाची वेल कोरायला घेतली होती, ती वेळेवर थांबवली. साधे आधार आणि कंस सनपॅकचे, म्हणजे पोकळ प्लास्टिकच्या पातळ पत्र्याचे केले. निवडणूक होऊन गेली की फ्लेक्सवाल्याकडं सनपॅकचे फलक पडून असतात. आमच्या रोबोच्या पाठीच्या आतल्या बाजूला एका पडलेल्या उमेदवाराचं अर्धं हसू अजून आहे.

डोकं म्हणजे आठवडी बाजारातला प्लास्टिकचा चेंडू. तो हलका पाहिजे, याचा आग्रह मी धरला, कारण मानेचं गणित सगळं तिथं अडतं. एसजी ९० नावाची निळी सर्वो सगळ्यात स्वस्त. वजन ९ ग्रॅम, जोर साधारण १.८ किलो-सेंटिमीटर. म्हणजे अक्षापासून १ सेंटिमीटरवर ती १.८ किलो पेलते, ४ सेंटिमीटरवर जेमतेम साडेचारशे ग्रॅम, तेही स्थिर असताना. डोकं खाली-वर हलवायचं तर त्याच्या निम्म्यावरच राहिलेलं बरं. आतले दाते नायलॉनचे, लेकरानं मान धरून पिरगळली की गेले. म्हणून मानेला त्याच मापाची धातूच्या दात्यांची एमजी ९० एस लावली आणि पापण्यांना एसजी ९०. कॅमेरा डोक्यात न ठेवता छातीत बसवला. डोकं हलकं झालं, आणि कॅमेरा जागचा हलत नसल्यामुळं चेहरा चित्रात डावीकडं दिसला तर मान किती वळवायची, हे सरळ हिशेबानं काढता आलं.

सर्वोला 'जा ३० अंशांवर' म्हटलं की ती एका झटक्यात जाते. असा झटका बघून समोरचं माणूस दचकतं. म्हणून दर २० मिलिसेकंदांनी थोडा थोडा नवा कोन द्यायचा: सुरुवातीला सावकाश, मधे वेगानं, थांबताना पुन्हा सावकाश. सर्वोला तशाही सेकंदाला ५० वेळा सूचना जातात, त्यामुळं हे फुकटात होतं. होकाराची मान आम्ही दोनदा हलवतो, दुसरी वेळ पहिलीपेक्षा लहान. एवढ्याशा फरकानं यंत्रात जीव आल्याचा भास होतो. आणखी एक उपद्रव म्हणजे सर्वो जागेवर थांबलेली असतानाही किरकिरत राहते. ती किरकिर माइकमध्ये शिरली की सूर ओळखणं बोंबललं. उपाय असा की मान वळून झाली की तिच्याकडं जाणारा सिग्नलच बंद करायचा. डोकं हलकं आहे, दात्यांच्या घर्षणावर ते तिथंच टिकतं.

विजेचं दुखणं आमच्याकडं वेगळं. गावात वीज कधी असते, कधी नसते, आणि असते तेव्हा दाब स्थिर नसतो. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतले १८६५० सेल काढून लावायचं पोरांच्या डोक्यात होतं. म्हातारीच्या अंथरुणाशेजारी ठेवायच्या वस्तूत वापरलेले लिथियम सेल मला नको होते. एका विद्यार्थ्यानं सुचवलं, "सर, फवारणीच्या पंपाची बॅटरी?" मी त्याला तिथंच शाबासकी दिली. पाठीवरच्या फवारणी पंपात १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरची शिशाची बंद बॅटरी असते. घरोघर आहे, चार्जर घरात आहे, बिघडली तर तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात मिळते. हिशेबानं ९६ वॅट-अवर. आमचा रोबो सरासरी ८ ते १० वॅट खातो. शिशाची बॅटरी पूर्ण उतरवायची नसते, म्हणून निम्मीच धरली तरी चार-पाच तास निघतात. गोष्टी सांगून म्हातारी आधी दमते. शिवाय बॅटरी जड असल्यामुळं बुडाला वजन येतं आणि मान वळताना रोबो कलंडत नाही.

१२ व्होल्टचे ५ व्होल्ट करायला एलएम २५९६ ची दोन छोटी मॉड्यूल लावली, कॉम्प्युटरला एक आणि मोटारींना एक. दोन्ही एकाच मॉड्यूलवर ठेवली तर मोटारी एकदम ओढ घेतात, व्होल्टेज पडतं, पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह येतं आणि कॉम्प्युटर स्वतःला पुन्हा चालू करून घेतो. दोघांचा ग्राउंड, म्हणजे उणे टोक, मात्र जोडायलाच हवा. हे वाक्य मी वर्गात जेवढ्या वेळा बोललोय तेवढ्या वेळा हजेरीही घेतली नसेल.

डोळ्यांवरून मात्र विभागात दोन तट पडले. पोरांनी दोन छोटे ओएलईडी पडदे लावून त्यावर निळे डोळे काढले. कॉम्प्युटर पडद्याला ज्या क्रमांकानं ओळखतो तो पत्ता दोन्ही पडद्यांना कारखान्यातून एकच येतो, मागचा बारीक रेझिस्टर एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी डाग द्यावा लागतो, ती कसरतही त्यांनी झकास केली. दिवसा बरं दिसायचं. पण संध्याकाळी, कमी उजेडाच्या खोलीत त्या चकाकणाऱ्या निळ्या डोळ्यांकडं बघून शेजारचं लेकरू आईला बिलगलं. मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये लिहून ठेवलंय की यंत्र माणसासारखं दिसत दिसत एका टप्प्यावर आलं की आपलेपणा वाढायच्या ऐवजी एकदम कोसळतो. आमचा रोबो त्या टप्प्याच्या जवळपासही नव्हता, तरी मोरींचा धडा मी उलटा वापरला: माणसासारखं करायला जायचंच नाही. जपानी 'कीपॉन' बघा. पिवळा, दोन गोळे एकावर एक ठेवल्यासारखा, हात नाहीत, तोंड नाही, नुसते डोळे आणि नाक. तरी लहान लेकरं त्याच्याशी खेळण्यात रमतात, कारण तो बघतो आणि डुलतो. आम्ही टेबल टेनिसचा चेंडू मधोमध कापला, ४० मिलिमीटरच्या दोन वाट्या झाल्या, त्यावर काळ्या मोठ्या टिकल्या चिकटवल्या. वरून कापडाची पापणी. माणूस मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापणी लववतो. पण बरोबर चार सेकंदांनी लववली तर ते घड्याळ वाटतं, म्हणून मधला वेळ कमी-जास्त ठेवला.

तोंड दिलंच नाही. जो बोलत नाही त्याला तोंड कशाला?

अंगावरचं कापड शिवलं आमच्या गल्लीतल्या वहिनींनी. पोरांनी नेलेला पहिला नमुना मान वळली की ताणायचा आणि सर्वोला अडवायचा. वहिनींनी मान दोनदा फिरवून बघितली आणि म्हणाल्या, "कापड तिरकं कापावं लागतं भाऊ, सरळ धाग्यात ताण बसत नाही. आणि गळ्याला चुण्या घाला." त्यांनी जुन्या खणाचं अंगरखं शिवलं, आत गादीवाल्याकडचा पातळ फोम. मेकॅनिकलच्या सहकाऱ्यानं सुचवलेल्या रबरी बुशपेक्षा हे स्वस्तात आणि जास्त चांगलं चाललं. तो अजून रुसलेला आहे.

हुंकाराचा आवाज कुणाचा, यावर मतं घेतली. यंत्रानं तयार केलेला आवाज सपाट येतो. शेवटी एका विद्यार्थिनीचा घेतला: 'हूं', 'हं', 'व्हय', 'बरं', 'मंग?', आणि नवल वाटल्याचा 'आं?'. प्रत्येकाचे चार-पाच वेगवेगळे नमुने, कारण तोच 'हूं' पुन्हा पुन्हा आला की माणूस चिडतं. रोबो स्वतःच्याच 'हूं'ला उत्तर द्यायला लागू नये म्हणून तो बोलत असताना माइक बंद राहतो. पोरांनी त्याला नाव दिलं 'व्हयबा'. मी विभागप्रमुखांच्या बैठकीत ते नाव घेतलं तेव्हा दोघं-तिघं उगीचच माझ्याकडं रोखून बघायला लागले.

व्हयबाला घेऊन गावी गेलो. मोठ्या आईनं आधी त्याच्या अंगरख्याचा काठ तपासला, मग टिकल्या बघून म्हणाली, "ह्याला डोळे हैत, नाक न्हाई का?" माळवदाच्या घरात भिंती जाड, खिडकी लहान, उजेड सगळा दारातून. ती दाराकडं पाठ करून बसली की कॅमेऱ्याला चेहऱ्याच्या जागी काळा डाग दिसायचा. त्यात डोक्यावर पदर आणि बोलताना मान खाली. चेहरा ओळखायची आम्ही वापरलेली पद्धत व्हायोला आणि जोन्स यांची, २००१ ची. जुनी आहे, हलकी आहे, पण चेहरा समोरून लागतो. पोरांनी चित्रातला उजेड सारखा करून घेतला, थोडा फरक पडला. बाकीचं असं भागवलं की चेहरा हरवला तरी मान लगेच फिरवायची नाही, शेवटी जिथं दिसला तिथंच काही सेकंद बघत राहायचं. गंमत म्हणजे यामुळं व्हयबा उलट जास्त शहाणा वाटायला लागला. सारखी मान हलवणारं माणूसही आपल्याला आवडत नाहीच.

गोष्ट सुरू झाली ती चिमणी-कावळ्याची, पण ती फार टिकली नाही. मोठी आई बघता बघता ७२ च्या दुष्काळावर आली. खडी फोडायला जायची ती, सुकडी मिळायची, लाल मिलो ज्वारीच्या भाकरी पोटात बसायच्या नाहीत. व्हयबा जागच्या जागी मान हलवत होता, मधूनच 'हूं' देत होता, आणि मी कोपऱ्यात लॅपटॉपवर सुराची रेघ बघत होतो. मग ती म्हणाली, "बैलाला वैरण न्हाई, तर ह्यांनी बैल सोडून दिला बग, माळावर." सूर तळाला गेला, नियम जुळला, आणि व्हयबा म्हणाला, "बरं."

"बरं काय मेल्या? बैल गेला आमचा!"

पोरं हसली, ती पण हसली, पण मला त्यातून जे हवं होतं ते मिळालं. 'हूं' कशालाही चालतो. 'बरं', 'मंग?' आणि 'आं?' हे कशालाही चालत नाहीत, त्यांना अर्थ समजावा लागतो, आणि आमच्या यंत्राला तो समजत नाही. ते तिन्ही त्याच रात्री काढून टाकले. 'व्हय' पण काढला, कारण तो पटल्याचं सांगतो, आणि न कळलेलं पटल्यासारखं दाखवणं मला बरं वाटेना. राहिले 'हूं', 'हं' आणि मान. त्यातही दर तीन हुंकारांतला साधारण एकच आवाजाचा, बाकी मानेचे. यावर पोरांनी बरीच हुज्जत घातली. इतके आवाज रेकॉर्ड केलेले वाया गेले! पण कमी केल्यावरच मोठी आई त्याच्याशी सलग बोलायला लागली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या दोघी आल्या. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच. "हे आतमधी भरून ठेवतंय का?" सुनेबद्दल बोलायचं की नाही, ते त्यावर ठरणार होतं. व्हयबाला इंटरनेट नाही, आणि आवाजाचे शेवटचे काही सेकंद तेवढे त्याच्या तात्पुरत्या स्मृतीत असतात, पुढचे आले की मागचे पुसले जातात. हे मी समजावून सांगितलं. वायफायची आज्ञाच काढून टाकलेली आहे, हेही सांगितलं. एकीनं सरळ विचारलं, "आन तू? तू ऐकायलास की." बरोबरच होतं. मी लॅपटॉप मिटून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. जोसेफ वाइझेनबॉम यांनी १९६६ मध्ये 'एलिझा' नावाचा गप्पा मारणारा प्रोग्रॅम केला होता. त्यांची सेक्रेटरी, जिनं तो तयार होताना बघितला होता, तीच त्याच्याशी बोलताना त्यांना म्हणाली होती, तुम्ही जरा बाहेर जाता का? वाइझेनबॉम त्यानं हादरले आणि पुढं आयुष्यभर अशा यंत्रांबद्दल सावधगिरीचं लिहीत राहिले. मी ओट्यावर बसून तेच आठवत होतो.

"म्हाताऱ्या माणसांना यंत्राच्या गळ्यात बांधायलात का?" असं मला एका नातेवाइकानं फोनवर ऐकवलं. प्रश्न योग्य आहे, फक्त तो पुण्याहून विचारला गेला होता. माझं मत एवढंच की व्हयबा मुलाची जागा घेत नाही आणि घेऊ नये. प्रदर्शनात त्याच्यापुढं 'एकाकी ज्येष्ठांचा साथी' असा फलक लावायचं ठरत होतं, तो मी लावू दिला नाही. त्याला गोष्ट कळत नाही, ही गोष्ट मोठ्या आईलाही पक्की ठाऊक आहे. "ऐकत न्हाई त्ये, पण ऐकल्यावानी करतंय," असं ती शेजारणीला सांगत होती. तिला ते चालतं. उलट व्हयबाला बघायला म्हणून गल्लीतली लेकरं येतात, आणि मग ती त्याला बाजूला सारून लेकरांनाच गोष्ट सांगते.

आमचं अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. तिघी-चौघी एकदम बसल्या की व्हयबा गोंधळतो. कॅमेऱ्याला जो चेहरा मोठा दिसतो त्याच्याकडं तो बघत राहतो, बोलतंय भलतंच कुणी. न बोलणाऱ्या बाईकडं बघून होकार दिला की बोलणारीला राग येतो, आणि तो रास्त आहे. त्यासाठी पोरांनी दोन माइक २० सेंटिमीटर अंतरावर लावलेत. आवाज एका बाजूनं आला तर तो जवळच्या माइकला आधी पोहोचतो. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर जास्तीत जास्त फरक ०.५८ मिलिसेकंद. सेकंदाला आवाजाची १६,००० मोजमापं, म्हणजे नमुने, घेतले तर तो फरक नऊ नमुन्यांचा. प्रयोगशाळेत यावरून दिशा छान सापडते. गावात ओसरीवर वरून पत्रे, बाजूला भिंत, आवाज आपटून तिकडूनही येतो आणि मान भिंतीकडं वळते. पुढच्या खेपेला माइकमधलं अंतर वाढवायचं आणि पत्र्याखाली जुनी वाकळ ताणून बघायची, असं ठरलंय. सोयाबीनच्या फवारण्या उरकल्या की जाऊ, तोवर बॅटरी पंपातच आहे.